कावळासुद्धा लिहायचा

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही पाच-सहा जण पुण्यात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी जमतो. गळ्यात दुर्बीण, खिशात वही, कुणा एकाच्या हातात फोन. खाणीपर्यंत चढायचं, पाण्याकडेनं वळसा घालायचा आणि वेताळबाबाच्या देवळावरून खाली उतरायचं. वाट ठरलेली, वेळ ठरलेली. एकदा आमच्याबरोबर सातवीतली एक मुलगी आली, आईचं बोट सोडून पुढे पुढे चालणारी. दहाच मिनिटांत तिनं विचारलं, "काका, कावळा पण लिहायचा?"

म्हटलं, हो, लिहायचा. किती कावळे तेही लिहायचं.

तिला ते काही पटलं नाही. मोर बघायला आलेल्या पोरीला कावळे मोजायला लावले तर तिनं का पटवून घ्यावं? चालता चालता तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून ते इथे सविस्तर सांगतो. गल्लीतल्या, टेकडीवरच्या, तळ्याकाठच्या जिवांची मोजणी सामान्य माणसं करतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि त्यातून खरं काही कळायचं असेल तर ती कशी करावी लागते, याबद्दल हा लेख आहे.

आधी शब्दाचं एक सांगून टाकतो. वर्तमानपत्रात 'पक्ष्यांच्या अमुक प्रजाती' असं छापतात. जीवशास्त्राच्या जुन्या मराठी पुस्तकांत मात्र स्पीशीजला 'जाती' म्हणतात आणि त्याच्या वरच्या पायरीला, जीनसला, 'प्रजाती'. मी इथे 'जाती' हाच शब्द वापरणार आहे.

जे दिसलं नाही, तेही

आपण हौसेनं नोंद करतो ती नवलाची. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी टेकडीवर उतरला की दहा कॅमेरे त्याच्यामागे धावतात, शंभर फोटो निघतात, सगळ्या ग्रुपवर फिरतात. त्याच दिवशी त्याच झुडपात बसलेल्या बुलबुलाकडे कुणी बघत नाही. आता असं समजा, की पंधरा वर्षांनी कुणी अभ्यासक फक्त ही फोटोंची रास घेऊन बसला. त्याला वाटेल की या टेकडीवर बुलबुलापेक्षा नवरंग जास्त होते. एकही नोंद खोटी नाही, आणि तरी निष्कर्ष साफ चुकला.

यावरचा उपाय साधा आहे. त्याला 'संपूर्ण यादी' म्हणतात. ठरलेल्या वेळात जे जे ओळखता आलं, दिसून किंवा आवाजावरून, ते सगळं लिहायचं. आवडतं-नावडतं, दुर्मीळ-नेहमीचं असा भेद करायचा नाही. सोबत चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता सुरुवात केली, किती मिनिटं बघितलं, किती चाललो, किती जण होतो. या चार गोष्टी वहीत नसतील तर उरलेली यादी ही फक्त आठवण असते. आठवणही मोलाचीच, पण तिच्यावर गणित करता येत नाही.

संपूर्ण यादीची खरी ताकद कोऱ्या जागेत आहे. 'दिसलं ते सगळं लिहिलंय' असं मी म्हटलं, की यादीत नसलेल्या पक्ष्याबद्दलही मी काहीतरी सांगितलेलं असतं: या नव्वद मिनिटांत नीलपंख शोधूनही मिळाला नाही. म्हणजेच शून्य. निवडक नोंदींमध्ये हे शून्य कधीच येत नाही, कारण 'आज नीलपंख दिसला नाही' असं कुणी फोटो टाकून सांगत नाही.

अशी शून्यं साठली की मोजता येतं. एका माळावर वर्षभरात 100 संपूर्ण याद्या झाल्या आणि त्यांतल्या 60 याद्यांत नीलपंख होता, असं धरू. दहा वर्षांनी पुन्हा 100 याद्या केल्या आणि तो 35 याद्यांतच आला. माळावर एकूण किती नीलपंख आहेत हे आपल्याला आधीही माहीत नव्हतं, आजही नाही. पण तो भेटण्याचं प्रमाण घटलं हे कळलं, आणि ते अनेक ठिकाणी घटत असेल तर पक्षी कमी होतोय असं म्हणायला आधार मिळाला. हे प्रमाण काढायला कावळा, बुलबुल, साळुंकी लिहिणारा माणूस लागतो. सवयीनं सगळं लिहिणाऱ्याच्या यादीतच कोरी जागा खरी असते.

मोड आलेल्या कडधान्याचं गणित

"तुमच्या टेकडीवर एकूण किती जाती आहेत?" हा आम्हाला हमखास येणारा प्रश्न. उत्तर द्यायला मी बिचकतो, कारण आकडा टेकडीपेक्षा बघणाऱ्यावर जास्त अवलंबून असतो.

घरातलं उदाहरण घेऊ. मोठ्या पातेल्यात मोड आलेली मिश्र कडधान्यं आहेत आणि झाकण किलकिलं करून तुम्ही एकेक मूठ बाहेर काढताय. पहिल्या मुठीत मटकी आणि मूग. दुसऱ्या मुठीत तेच, शिवाय एक हरभरा. तिसऱ्या मुठीत मसूर. पुढे चार-पाच मुठी नवीन काहीच नाही, आणि दहाव्या मुठीला एकुलता एक वाल हाती लागतो. सुरुवातीला प्रत्येक मुठीगणिक नवं काहीतरी मिळतं, मग नव्याचा वेग मंदावतो. हे कागदावर काढलं तर रेघ आधी सरळसोट चढते आणि नंतर हळूहळू आडवी होत जाते.

टेकडीवर असंच होतं. पहिल्या रविवारी यादी भराभर वाढते. दहाव्या रविवारी एखादं नाव नवं येतं. म्हणून 'त्या टेकडीवर 90 जाती, आमच्याकडे 120, म्हणजे आमची टेकडी श्रीमंत' असं म्हणता येत नाही. तिथे दोनदा गेला असाल आणि इथे दोनशे वेळा, तर दोन मुठींची तुलना दोनशे मुठींशी चाललेली असते. तुलना करायचीच तर दोन्हीकडच्या सारख्याच मुठी घ्याव्या लागतात.

मग पातेल्यात अजून काय दडलंय याचा अंदाज बांधता येतो का? येतो, आणि ही युक्ती मला फार आवडते. तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांनी 1984 मध्ये मांडलेली रीत आहे. तिचा गाभा असा: ज्या जाती आपल्याला फक्त एकदाच दिसल्या, त्या बघा. त्या खूप असतील तर न दिसलेल्याही खूप असणार, कारण 'एकदाच दिसलेली' आणि 'एकदाही न दिसलेली' यांत अंतर फार थोडं असतं. सगळ्या जाती चार-चार, पाच-पाच वेळा दिसल्या असतील तर आपला शोध बहुतेक पुरा झालाय.

आकडे घालून बघू. समजा वर्षभरात फुलपाखरांच्या 40 जाती मिळाल्या. त्यांतल्या 8 जातींचं एकेकच फुलपाखरू दिसलं, आणि 4 जातींची दोन-दोन. आठाचा वर्ग 64. त्याला चारच्या दुपटीनं, म्हणजे 8 नं भागलं की येतात 8. म्हणजे निदान 8 जाती नजरेतून निसटल्या असाव्यात आणि खरा आकडा किमान 48 च्या घरात असावा. किमान, हे लक्षात ठेवायचं. वर किती हे ही रीत सांगत नाही. पण वही मिटताना आपलं अज्ञान किती मोठं आहे याचा अदमास मिळतो, आणि तो वहीतल्याच आकड्यांतून मिळतो.

असणं वेगळं, भेटणं वेगळं

मोजणीतली सगळ्यात मोठी फसगत इथे होते. पावशाचं घ्या. उन्हाळ्याच्या शेवटी तो 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणून दिवसरात्र ओरडतो आणि आमच्या प्रत्येक यादीत येतो. हिवाळ्यात याद्यांमधून तो जवळपास गायब. पावशा कमी झाले का? तसं नाही, तो गप्प झाला. गप्प पावशा शोधणं म्हणजे पानांमागे बसलेल्या राखाडी सावलीला शोधणं, आणि दिसलाच तरी पटकन शिक्रा, म्हणजे एक शिकारी पक्षी, वाटतो. आकड्यात जी वाढ दिसते ती पक्ष्यांची नसून आवाजाची असते.

म्हणून मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करायची. सकाळची सकाळशी. दुपारी बारा वाजता टेकडी चढलात तर अर्धे पक्षी सावलीला गेलेले असतात. त्या यादीची सकाळच्या यादीशी गाठ घालू नये. सकाळी फिरणाऱ्याच्या वहीत रात्री हिंडणारा रातवा क्वचितच येतो, पण म्हणून टेकडीवर रातवे नाहीत असं होत नाही.

बघणारा माणूसही मोजणीचा भाग असतो. वय वाढलं की बारीक, उंच पट्टीचे आवाज कानाला कमी ऐकू येतात. आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदांना आता शिंजिराची किणकिण ऐकू येत नाही, पण गवतातली हालचाल त्यांच्याइतकी लवकर कुणालाच दिसत नाही. ते ज्या रविवारी नसतात त्या दिवशी तित्तिरांचा आकडा घसरतो. तित्तिर तेवढेच असतात. किती जण होतो हे यादीत लिहायचं ते याचसाठी.

फोनचीही एक गोष्ट सांगायला हवी. मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. शिकायला ते उत्तम आहे, मीही वापरतो. पण ते सुचवतं, ठरवत नाही. ॲपच्या पडद्यावर नाव आलं आणि तुम्ही स्वतः तो आवाज ऐकून ओळखला नाही, पक्षी पाहिला नाही, तर ते नाव यादीत घालायचं नाही.

डोकी मोजताना

जाती मोजण्यापेक्षा एकेका जातीचे पक्षी मोजणं अवघड. सातभाई बघा. थवा एका करवंदीच्या जाळीत शिरलेला असतो, आतून नुसता कलकलाट. आत डोकावून मोजायला गेलात तर कधीच जमणार नाही. थांबायचं. थोड्या वेळानं एक सातभाई जाळीतून निघतो आणि पलीकडच्या झुडपात जातो, लुटुलुटु, शेपूट ओढत. मग दुसरा. मग तिसरा आणि चौथा जवळजवळ एकदम. सातावर सगळे थांबतात आणि आपल्याला वाटतं, नावाप्रमाणे सातच की. आपण वहीकडे मान वळवतो आणि मागून आणखी दोघे निघतात. नऊ. मोकळी जागा ओलांडताना मोजणं ही यातली हातखंडा रीत.

दोनशे पावलांवर पुन्हा सातभाईंचा थवा, या वेळी आठ. हे नवे की मघाचेच? सांगता येत नाही. अशा वेळी दोन्हींतला मोठा आकडा धरायचा: नऊ. सतरा लिहायचे नाहीत. एकच पक्षी दोनदा मोजण्यापेक्षा एखादा सुटला तर बरं, आणि प्रत्येक वेळी तोच नियम पाळला तर वर्षावर्षांची तुलना बिघडत नाही.

मोठा थवा असेल, ज्वारीच्या शेतावर उतरणाऱ्या भोरड्यांचा किंवा उजनीच्या पाण्यातल्या रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, तर एकेक मोजणं शक्यच नाही. आधी दहा पक्षी नीट मोजायचे आणि ते केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत धरायचं. मग तेवढ्याच मापानं थव्यावर नजर पुढे सरकवत जायचं: दहा, वीस, तीस. फार मोठा थवा असला तर शंभराचं माप घ्यायचं. आकडा अंदाजेच असतो, पण 'पुष्कळ' लिहिण्यापेक्षा 'सुमारे 400' लिहिणं केव्हाही चांगलं. 'पुष्कळ'ची बेरीज होत नाही.

पाणपक्ष्यांना तर पंख आहेत, आज या तळ्यावर, उद्या त्या. म्हणून आशियाई पाणपक्षी गणना सगळीकडे जानेवारीतच, ठरलेल्या पंधरवड्यात होते. 1987 पासून ती चालू आहे, आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी तिचं काम बघते, आणि मोजणारे बहुतेक सगळे हौशी. ठिकठिकाणी एकाच सुमाराला मोजलं की तोच थवा दोन जिल्ह्यांच्या खात्यावर पडण्याची शक्यता कमी होते.

जनावरांच्या मोजणीत आपण कसे चुकलो तेही सांगायला हवं. महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी मोजायची जुनी प्रथा आहे. दिवस विचार करून निवडलेला: उन्हाळ्यात पाणी थोड्याच ठिकाणी उरतं आणि चांदणं लख्ख असतं. अनुभव विलक्षण, मी शंभरदा शिफारस करीन. पण आकडा म्हणून तो लंगडा आहे. एकच बिबट्या रात्रीत दोन पाणवठ्यांवर जातो आणि दोन मचाणांवरच्या वह्यांत दोन बिबटे होतात. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडून गेला तर डबक्याडबक्यात पाणी, मग पाणवठ्यावर कोण येणार? वन विभाग हल्ली या रात्रीला 'निसर्गानुभव' म्हणतो, ते योग्यच आहे.

वाघांचं याहून गंभीर. कित्येक वर्षं पंजाच्या ठशांवरून वाघ मोजले जायचे. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर वाघ होते, आणि 2004-05 मध्ये कळलं की जंगलात एकही उरलेला नाही. शिकाऱ्यांनी संपवले होते आणि मोजणीला त्याचा पत्ता नव्हता. त्यानंतर देशभर कॅमेऱ्यांची पद्धत आली. तिच्या मुळाशी असलेली कल्पना राजम्याच्या डब्यावर करून बघता येते. डब्यातून 50 दाणे काढा, प्रत्येकावर पेनानं खूण करा, परत टाका, डबा नीट हलवा. आता 60 दाणे काढा. त्यांतले 10 खुणेचे निघाले, म्हणजे सहातला एक. तर मग खुणेचे 50 दाणे हे सगळ्या डब्याचा सहावा भाग असणार, म्हणजे डब्यात सुमारे 300 दाणे. वाघाला पेनची गरज नाही, त्याचे पट्टेच त्याची खूण. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पहिल्यांदा कॅमेऱ्यात आलेले वाघ पुन्हा किती वेळा येतात यावरून न आलेल्यांचा अंदाज बांधतात. 2022 च्या गणनेत देशात सरासरी 3,682 आणि महाराष्ट्रात 444 वाघ असल्याचा अंदाज निघाला. आमच्या सातभाईंना पट्टे नाहीत, त्यामुळे आम्हाला ही सोय नाही. आम्ही वाट आणि वेळ सारखी ठेवतो.

नाव चुकलं तर?

चुकतंच. सुरुवातीला सगळ्यांचं चुकतं, आणि जुन्या माणसांचं अतिआत्मविश्वासानं चुकतं. गवतातून टुणकन वर येऊन लगेच खाली बुडणारा एक तपकिरी पक्षी दिसला, तर तो वटवट्या आहे एवढं कळतं. कोणता वटवट्या हे नेहमी कळत नाही. मग तेवढंच लिहायचं: 'वटवट्या, जात कळली नाही'. ही नोंद कमी दर्जाची नाही. ठोकून दिलेलं नाव मात्र वही नासवतं, कारण पुढे कुणीतरी त्यावर विश्वास ठेवणार असतो.

नावांचा आणखी एक गुंता आहे. भारद्वाज कुठे कुंभारकुकडा होतो, कुठे सोनकावळा. महाराष्ट्रानं 2015 मध्ये आपलं राज्य फुलपाखरू जाहीर केलं, त्याला कुणी राणी पाकोळी म्हणतं, कुणी नीलवंत. ही नावं टिकायला हवीत, मला ती शास्त्रीय नावांइतकीच मोलाची वाटतात. पण दोन जिल्ह्यांतल्या वह्या एकत्र करायच्या तर शेजारी शास्त्रीय नाव लागतं. ॲपमध्ये नोंदवलं की ते आपोआप जोडलं जातं.

नोंदी तपासण्याची व्यवस्थाही समजून घ्या. ईबर्ड हे पक्ष्यांच्या याद्यांचं संकेतस्थळ 2002 मध्ये सुरू झालं. त्या भागात, त्या महिन्यात न आढळणारा पक्षी किंवा अवाजवी मोठा आकडा घातला की ते हटकतं, आणि मग त्या भागातला एखादा जाणकार, तोही स्वयंसेवकच, तुम्हाला तपशील विचारतो. तो प्रश्न आला तर रागावू नका. आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर पक्ष्यांपासून बुरशीपर्यंत काहीही चालतं, तिथे तुमच्या फोटोवर इतर लोक आपलं मत देतात आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतं जुळली की नोंद अभ्यासायोग्य धरली जाते. कीटकांच्या बाबतीत पुष्कळदा जातीपर्यंत पोचताच येत नाही; पतंगाच्या एका फोटोवरून तज्ज्ञही हात टेकतात.

एवढं करून निघतं काय

1900 सालच्या नाताळात अमेरिकेत फ्रँक चॅपमन या पक्षिशास्त्रज्ञानं एक सूचना केली. त्या दिवशी टोळ्या करून जास्तीत जास्त पक्षी मारण्याची पैज लावायची पद्धत होती. चॅपमन म्हणाले, मारण्याऐवजी मोजू. 25 ठिकाणी 27 माणसांनी मोजले. ती नाताळ गणना आजही दरवर्षी होते, आणि शतकाहून जास्त काळाची अशी सलग नोंद जगात फार थोड्या गोष्टींची असेल.

आपल्याकडे पक्ष्यांची मोठी गणना फेब्रुवारीत चार दिवस असते, 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' या जगभरच्या मोजणीचा भाग म्हणून. निदान पंधरा मिनिटं, कुठूनही, अगदी बाल्कनीतूनसुद्धा. 2013 पासून भारतीय तिच्यात आहेत. केरळात 2015 ते 2020 या काळात हजारावर स्वयंसेवकांनी राज्याचे चौकोन पाडून, ओल्या आणि कोरड्या ऋतूत ठरल्याप्रमाणे जाऊन, सुमारे 25,000 याद्या केल्या आणि 361 जातींचा नकाशा तयार केला. अख्ख्या राज्याचा नकाशा सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन निघणाऱ्या माणसांनी केला, हे मला अजूनही अप्रूपाचं वाटतं.

मग या सगळ्या याद्या एकत्र करून देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघतो. 2020 च्या अहवालाला सुमारे 15,500 पक्षी निरीक्षकांच्या नोंदी होत्या, 2023 च्या अहवालाला सुमारे 30,000 जणांच्या तीन कोटी नोंदी आणि 942 जाती. त्यांतून कळलं की मोर आणि कोकीळ वाढतायत. नीलपंख, जो आपल्या रस्त्याकडेच्या तारांवर सहज दिसायचा, तो घटतोय.

चिमणीचं तर सगळ्यांनी वाचायला हवं. 'चिमण्या संपल्या' हे आपण सगळेच म्हणतो. 2020 च्या अहवालात दिसलं की देशभराचा हिशेब धरला तर चिमणी गेल्या पंचवीसेक वर्षांत साधारण टिकून आहे. मोठ्या शहरांत मात्र घटली आहे. म्हणजे शहरातल्या माणसाचं दुःख खरं होतं, ते सगळ्या देशाला लावणं चूक होतं. हा फरक कळला तो खेडोपाडी 'चिमणी, 12' असं कंटाळा न करता लिहिणाऱ्यांमुळे. चिमणी कुणी मुद्दाम बघायला जात नाही. तिची नोंद संपूर्ण यादीतच येते.

स्थानिक पातळीवर याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि त्या समितीनं लोकांच्या मदतीनं लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. तिच्यात रानटी झाडं-प्राणी येतातच, शिवाय पिकांची जुनी वाणं, औषधी वनस्पती आणि त्यांबद्दलचं लोकांकडचं ज्ञानही येतं. ही नोंदवही पुस्तकातली यादी उतरवून भरली तर तिचा कुणालाच उपयोग नाही. कुठल्या ओढ्यात कुठला मासा कोणत्या महिन्यात चढतो हे जाळं टाकणाऱ्याला माहीत असतं, कुठल्या उतारावर कोणतं गवत येतं हे धनगराला. त्यांना विचारून, तारीख आणि जागा घालून लिहिलेली वही वेगळीच होते. गावच्या माळावर, तळ्यावर काही बांधायचा प्रस्ताव येतो तेव्हा 'इथे नुसतं पडीक रान आहे' असं कागदावर सहज लिहिलं जातं. त्यासमोर ठेवायला दहा वर्षांच्या तारीखवार याद्या असल्या तर बोलणं बदलतं. प्रस्ताव आल्यावर घाईनं केलेल्या दोन दिवसांच्या पाहणीला तेवढं वजन येत नाही. म्हणून काही घडायच्या आधी, शांतपणे, लिहायला लागायचं.

सुरुवात लहान जागेतून करा. रोज जिथून जाता ती जागा निवडा: सोसायटीचं आवार, शाळेचं मैदान, स्मशानाजवळची झाडी, गावचं तळं. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं. वर्षभरात 52 याद्या होतात. वर्षातून एकदा अभयारण्यात जाऊन केलेल्या यादीपेक्षा मी त्या 52 याद्या मोलाच्या मानतो. पक्षी नको असतील तर एक झाड घ्या. सीझनवॉच या उपक्रमात 2010 पासून लोक एकच झाड दर आठवड्याला बघतात आणि कोवळी पानं, कळ्या, फुलं, फळं यांची नोंद ठेवतात. बहावा कधी फुलतो हे दहा वर्षं लिहून ठेवलेलं असलं की 'यंदा लवकर फुलला' या वाक्याला अर्थ येतो. महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या दोघांच्या वाढदिवसांच्या मधला. शाळांना सुरुवात करायला तो आठवडा बरा.

एवढं जपा. घरटं सापडलं तर जवळ जाऊ नका, जागा जाहीर करू नका. घुबडाची ढोली, खवल्या मांजराचं बीळ यांचा पत्ता ग्रुपवर टाकणं म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण. ॲपमध्येही जागा झाकायची सोय असते, ती वापरा. पक्षी जवळ यावा म्हणून फोनवर त्याचा आवाज वाजवू नका, तो आपली हद्द राखायला येतो आणि नाहक दमतो. विंचू-सरडा बघायला दगड उचललात तर तसाच, त्याच जागी, हळू ठेवा.

ती मुलगी पुढच्या रविवारी परत आली. टेकडी चढायच्या आधीच तिनं वही उघडून दाखवली. घरापासून पायथ्यापर्यंत रिक्षातून येताना तिनं कावळे मोजले होते. आठवडाभरात कुणीतरी तिला गावकावळ्याची राखाडी मान आणि डोमकावळ्याचा सगळा काळा रंग सांगितला असावा, कारण दोन वेगळे रकाने होते: गावकावळा 14, डोमकावळा 2. खाली आणखी एक कावळा होता, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. "तो उडून गेला काका," ती म्हणाली, "मान नाही दिसली."